डॉक्टर बाबा आणि खोकणारा घोडा

“सेन्योरा, तुम्ही आमच्या घरी येता का?”

रेडिओने हा प्रश्न विचारला तेव्हा तिच्या खुर्चीमागे मैत्रिणींचा घोळका तोंडात रुमाल कोंबून उभा होता. पैज त्यांनीच लावली होती. शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत, स्पॅनिशच्या तासाला, पडद्यावर दिसणाऱ्या त्या पांढऱ्या केसांच्या सेन्योरांना, म्हणजे बाईंना, सरळ घरी बोलवायचं. आहे का हिंमत?

आता, हिंमत या वस्तूचा रेडिओकडे गेल्या वर्षापर्यंत ठणठणाट होता. शेवटच्या बाकावरून ती हजेरीसुद्धा इतकी हळू द्यायची की बाई तिला अधूनमधून गैरहजर मांडून मोकळ्या व्हायच्या. मग कुठल्याशा वक्तृत्व स्पर्धेत तिला बक्षीस मिळालं. बाकीच्यांचे घसे बसले होते हे त्यामागचं खरं कारण, पण ते असो. त्या दिवशी जे बटण दाबलं गेलं ते पुन्हा कुणाला सापडलेलं नाही. म्हणून नाव पडलं रेडिओ.

पैज लावणाऱ्यांना वाटलं होतं, सेन्योरा कुठे त्या परदेशातल्या समुद्राकाठच्या गावात, त्या कशाला मरायला इथे येताहेत? हसून ‘नाही गं बाळ’ म्हणतील, आणि आपल्याला महिनाभर चिडवायची सोय होईल.

पडद्यावर सेन्योरांनी दोन्ही हात गालांवर ठेवले आणि त्या किंचाळल्या, “सी!”

‘सी’ म्हणजे हो.

त्यानंतर त्या नळ सुटल्यासारख्या बोलत सुटल्या. त्यातलं रेडिओच्या हाती ‘सहल’, ‘मैत्रिणी’ आणि ‘पुढचा महिना’ एवढंच लागलं. सेन्योरा एका सहलीबरोबर याच देशात यायच्या होत्या, आणि आता एक दिवस सहलीला दांडी मारून रेडिओच्या घरी येणार होत्या. इथवर ठीक होतं. पण सगळ्यात शेवटी त्यांनी डोळे मिचकावून दोन शब्द उच्चारले, आणि ते मात्र रेडिओला अगदी लख्ख समजले. मेदिको. काबायो.

डॉक्टर. घोडा.

मागचा घोळका टाळ्या वाजवत होता.

डॉक्टर आणि घोडा या भानगडीला रेडिओ जबाबदार होती, पण खोटारडी मात्र नव्हती, हे आधी सांगून टाकलेलं बरं. स्पॅनिशच्या सरांनी, ज्यांना बारा महिने सर्दी असायची, प्रत्येक मुलाला एकेक निवृत्त आजी किंवा आजोबा गाठून दिले होते. दर शनिवारी त्यांच्याशी गप्पा मारायच्या. गप्पा मारायला भांडवल काय, तर पहिल्या पायरीचं पुस्तक. त्यात रंग होते, आकडे होते, फळं होती, कुत्रा-मांजर-घोडा होते, आणि धंद्यांच्या धड्यात डॉक्टर, शिक्षक, वेटर आणि गवंडी अशी चार माणसं होती. एवढ्या सामानात आख्खं घर मांडून दाखवायचं होतं.

सेन्योरांनी विचारलं, बाबा काय करतात? रेडिओचे बाबा नगरपालिकेत जन्ममृत्यू नोंदणीच्या खिडकीमागे बसतात. क्लार्क. हे आता वेटर आणि गवंडी यांच्या मधे कुठे बसवायचं? रेडिओने प्रामाणिकपणे खूप खटपट केली. “माझे बाबा काम करतात. बाळं. छोटी बाळं, खूप. आणि माणसं, म्हातारी. मरतात. बाबा तिथे.” सेन्योरांचा चेहरा आदराने भरून आला. “आं! मेदिको!”

इथे रेडिओने ‘नाही’ म्हणायला हवं होतं. पण ‘नाही’ म्हटलं की पुढे ‘मग काय?’ येतं. ‘हो’ म्हटलं की विषय बदलतो. ज्यांनी नवी भाषा शिकली आहे त्यांना हे दुःख ठाऊक असेल. रेडिओ म्हणाली, “सी.”

मग बाबांची स्कूटर. बाबा ऑफिसला कशावर जातात? स्कूटरला शब्द सापडेना, तेव्हा तिने विनोद करायचा म्हणून म्हातारा घोडा म्हटलं. पांढरा आहे. सकाळी उठत नाही. खोकतो. खूप पितो. बाबा त्याला लाथा मारतात. हे सगळं स्कूटरबद्दल शंभर टक्के खरं होतं. सेन्योरांचे डोळे पाण्याने भरले. त्यांना जनावरांचा फार लळा. बाल्कनीतल्या एकुलत्या एक कुंडीची बाग झाली. जिन्यावर राहणारी मांजर कुटुंबात आली. प्रत्येक ठिकाणी एकेक ‘सी’. अशा एकेका ‘सी’वर रेडिओने पडद्यापलीकडे बागबगीच्याचा, तबेल्याचा असा बंगला उठवला होता, आणि बंगल्याची पाहुणी आता खरंच निघाली होती.

त्या संध्याकाळी तिने घरी सगळं सांगितलं. सांगताना आवाज गेल्या वर्षीइतका खाली गेला होता.

आई बालवाडीत शिकवते, त्यामुळे कुठलंही संकट आलं की ती आधी टाळ्या वाजवते आणि मग ‘चला चला’ म्हणते. तिने टाळ्या वाजवल्या. “चला चला! एका दिवसाचा तर प्रश्न. पडदे धुऊ. बागेचं असं सांगू की झाडं छाटायला दिली आहेत.”

“आणि घोडा?”

“घोडा गेला म्हणून सांग. आठवडा झाला म्हणावं. फोटोबिटो लावू.”

“आई, मला ‘गेला’ म्हणता येत नाही. पहिल्या पायरीत फक्त वर्तमानकाळ आहे. ‘घोडा मरतो’ एवढंच येतं.”

“मग तसं नको बाई, ती धावत येईल वाचवायला.”

हे चाललं असताना बाबा जेवत होते. त्यांनी ताट पुढे सारलं आणि शांतपणे विचारलं, “क्लार्क म्हणायची लाज वाटली का तुला?”

“नाही हो बाबा! पुस्तकात क्लार्क नाहीच! डॉक्टर, शिक्षक, वेटर आणि गवंडी.”

“गवंडी म्हणायचं होतंस,” बाबा म्हणाले आणि हात धुवायला गेले.

बाबा चिडले की ओरडतात, ते परवडतं. दुखावले की सरकारी भाषेत बोलायला लागतात, ते भयंकर. दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, “आपला डबा ओट्यावर राहिला असल्याचे निदर्शनास आले आहे.” रेडिओला रडूच फुटायचं बाकी होतं. हे असं पुढचे कितीतरी दिवस चाललं. स्वयंपाकघरात, बाथरूमच्या दारात, जिन्यात, जिथे गाठ पडेल तिथे तिने तेच ते सांगून पाहिलं, की लाज नव्हती, शब्द नव्हता. बाबा म्हणत, “आपल्या निवेदनाची नोंद घेण्यात आली आहे.” सेन्योरांचं काय व्हायचं ते होवो, पण बाबांना हे कसं पटवायचं, या एका गोष्टीने रेडिओची झोप उडाली. मराठी तर तिला सगळी येत होती, भूतकाळासकट. पण इथे तिचाही काही उपयोग होत नव्हता.

मधल्या काळात समोरच्या काकूंना सुगावा लागला. काकूंना सुगावा लागणं म्हणजे सबंध इमारतीला लागणं, फक्त थोडं वाढवून. काकूंचा भाचा गुरांच्या दवाखान्यात असतो. “मुळीच काळजी करू नकोस,” काकू आईला म्हणाल्या, “स्टेथोस्कोप मी आणते. घोडासुद्धा बघते, पण त्याला जिना चढवावा लागेल. तीन मजले चढेल का हो तो?”

“काकू, घोडा खालीच बांधला तर?” रेडिओने विचारलं.

“अगं, घरचा घोडा खाली कसा बांधतील? लोक काय म्हणतील?”

लोक काय म्हणतील ते सेक्रेटरींनी लेखी कळवलं. सोसायटीचे सेक्रेटरी हे अत्यंत सज्जन गृहस्थ, फक्त त्यांना नोटीस काढल्याशिवाय जेवण जात नाही. दारावर कागद चिकटला. ‘आपण आपल्या सदनिकेत एक वृद्ध व आजारी घोडा विनापरवाना बाळगून असल्याचे समजते. त्वरित खुलासा करावा.’

कागद बघताच बाबांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला. सरकारी भाषेत त्यांना कुणी ललकारलं तर ते मागे हटणारे नव्हेत. त्यांनी तिथल्या तिथे उत्तर लिहिलं. ‘विषयांकित घोडा अस्तित्वात नाही.’ सेक्रेटरींनी उलट टपाली कळवलं, म्हणजे समोर उभं राहून हातात दिलं, ‘अस्तित्वात नसल्याचा पुरावा जोडलेला नाही.’ मग रीतसर पाहणी झाली. सेक्रेटरींनी दोन्ही खोल्या पाहिल्या, बाथरूम पाहिलं, पलंगाखाली वाकून पाहिलं.

“पलंगाखाली घोडा?” आईला राहवलं नाही.

“वहिनी, नियम म्हणजे नियम. तपासणी अर्धवट सोडता येत नाही.”

घोडा सापडला नाही. पण सेक्रेटरी संशय घेऊनच गेले. त्यांचं म्हणणं, घोडा नसता तर कुंडीतलं रोप कुणी खाल्लं? रोप उन्हाने वाळलं होतं, पण आईने सांगितलं की छाटायला दिलं आहे. तिने तेच पाठ केलं होतं.

आणि मग तो दिवस उजाडला. पडदे धुतलेले, जिन्यावरची मांजर हाका मारूनही न येणारी, आणि रेडिओ आरशासमोर उभी राहून स्पॅनिशमध्ये खरं काय ते सांगायचा सराव करत होती. वाक्य सुरू होत होतं, संपत नव्हतं. तेवढ्यात आतल्या खोलीतून बाबा बाहेर आले.

त्यांनी लग्नसमारंभाला घालायचा पांढरा शर्ट घातला होता. भांग चापून पाडला होता. आणि गळ्यात काकूंच्या भाच्याचा स्टेथोस्कोप होता. गुरांचा असल्यामुळे तो चांगला ऐसपैस होता आणि त्याची चकती बाबांच्या गुडघ्यापाशी हेलकावे खात होती.

“बाबा, हे काय!”

“तुझी फजिती नको व्हायला चारचौघांत,” बाबा चष्मा पुसत म्हणाले. सरकारी भाषा नव्हती. साधी होती, आणि म्हणूनच जास्त लागली. “एक दिवसाचं तर आहे. मी ‘सी’ पाठ केलंय. तेवढ्यावर भागेल ना?”

रेडिओ काही बोलणार तोच खालून गलका ऐकू आला.

सेन्योरा टॅक्सीतून उतरल्या होत्या. पडद्यावर त्या गळ्यापर्यंतच दिसत, त्यामुळे त्या एवढ्या उंच असतील असं कुणाला वाटलं नव्हतं. डोक्यावर टोपलीएवढी टोपी, हातात गाजरांची जुडी. फाटकात सेक्रेटरींनी त्यांना अडवलं आणि दमात घेऊन विचारलं, “बरोबर जनावर आणलंय का?”

सेन्योरांना एक अक्षर कळलं नाही. त्या गोड हसल्या. “सी!”

सेक्रेटरींनी गाजरांकडे पाहिलं, मग विजयी मुद्रेने खिशातलं पेन काढलं आणि ते त्यांच्या मागोमाग थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत आले.

वर मिठ्या झाल्या, गालाला गाल झाले. सेन्योरांनी आईची पापी घेतली तेव्हा आईने टाळ्या वाजवल्या. काकू तर आधीपासूनच मोक्याची खुर्ची धरून बसल्या होत्या. सेन्योरांनी बाबांचा स्टेथोस्कोप पाहिला, छातीवर हात ठेवला, आणि सोफ्यावर बसल्याबसल्या उजवा पाय टेबलावर ठेवून गुडघा उघडा केला. तीन जिन्यांनी तो सुजला होता.

“दॉक्तोर,” त्या कळवळून म्हणाल्या, “दुखतं.”

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा पुढे झाले. त्यांनी स्टेथोस्कोप कानाला लावला आणि चकती गुडघ्यावर ठेवली.

“गुडघ्याला लावतात होय ते?” काकूंनी शंका काढली.

“परदेशी गुडघा आहे,” आई कुजबुजली.

बाबांनी बराच वेळ गुडघा ऐकला. सेन्योरांनी श्वास रोखून विचारलं, “गंभीर आहे का?”

“सी,” बाबा म्हणाले.

सेन्योरांचा रंग उडाला. “ऑपरेशन?”

“सी.”

“दॉक्तोर... जिवाला धोका?”

बाबांना वाटलं आपलं छान चाललंय. त्यांनी मान डोलावून, धीर देणारं हसू चेहऱ्यावर आणून, अतिशय प्रेमाने सांगितलं, “सी, सी.”

“नो!”

हा आवाज एवढा मोठा होता की जिन्यावरची मांजर एकदाची हजर झाली. रेडिओ उभी होती. स्पॅनिशमध्ये आयुष्यात पहिल्यांदा ती ‘नो’ म्हणाली होती आणि तिला ते थांबवता येईना. “नो, नो, नो! गुडघा चांगला! माझे बाबा डॉक्टर नाहीत!”

सेन्योरांचा पाय टेबलावरच राहिला. पुढचा प्रश्न त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. मग काय?

तोच प्रश्न. याच्यासाठीच तर तिने सगळीकडे ‘सी’ म्हणून ठेवलं होतं.

रेडिओने मोठा श्वास घेतला. पुस्तकातले धडे तिने मनातल्या मनात उलटेपालटे केले, आणि जिथे शब्द संपत होते तिथे हातपाय लावायला सुरुवात केली. “बाळ येतं,” ती म्हणाली आणि उशी उचलून कवेत घेतली. “बाळाला नाव नाही. बाळ कुठेच नाही. बाबा लिहितात.” तिने हवेत लिहिलं, बाबा लिहितात तसं, आधी पेन झटकून, मग जीभ ओठाच्या कोपऱ्यात धरून. “आता बाळ आहे.” मग तिने उशी ठेवली. “एक माणूस येतो. त्याची आई मरते. माणूस रडतो, बोलत नाही.” तिने काकूंना हाताला धरून उठवलं, त्यांची खुर्ची ओढून पुढे सरकवली, आणि कुणी नसलेल्या जागी कुणाला तरी खांद्याला धरून बसवलं. टेबलावरचा पाण्याचा पेला उचलून त्याच्या हातात दिला. थांबली. अजून थांबली. मग हळूच पेन उचललं. “बाबा थांबतात. नंतर लिहितात. हे काम. डॉक्टर नाही. हे.”

बाबांना त्यातलं एकही अक्षर समजलं नव्हतं. पण ते पेल्याकडे बघत होते.

“तू कधी पाहिलंस हे?” त्यांनी विचारलं.

“बाबा, सुट्टीत मी तुमचा डबा घेऊन येत होते की. मागच्या बाकावर बसायचे. तेव्हा मी बोलत नव्हते ना, म्हणून कुणाच्या लक्षात यायचं नाही.”

बाबांनी स्टेथोस्कोप गळ्यातून काढला आणि सेक्रेटरींच्या हातात दिला, जणू ते शिपाई आहेत. सेक्रेटरींनीही तो मुकाट्याने धरला.

आता सेन्योरा हसतील, नाहीतर रडतील, असं सगळ्यांना वाटत होतं. त्यांनी पाय टेबलावरून खाली घेतला, टोपी काढली, आणि बाबांच्या दिशेने बोट रोखून अशा काही कडाडल्या की आई एक पाऊल मागे सरली.

“काय म्हणताहेत?” बाबा घाबरून म्हणाले.

“थांबा... सावकाश, सेन्योरा, पुन्हा!” रेडिओने दोन्ही हात वर केले. सेन्योरांनी पुन्हा सांगितलं, सावकाश पण तितकंच कडक. “त्या म्हणतात, त्यांच्या गावच्या क्लार्कने त्यांचं जन्माचं साल चुकीचं लिहिलंय. कागदावर त्या खऱ्यापेक्षा मोठ्या आहेत. त्यामुळे धाकट्या बहिणी आयुष्यभर त्यांना म्हातारी म्हणतात. तो क्लार्क वारला. तेव्हापासून त्या रागवायला क्लार्क शोधताहेत. आणि आता तुम्ही सापडलात.”

बाबा ताठ झाले. इतक्या दिवसांत त्यांना एवढं ताठ झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. “त्यांना विचार, दुरुस्तीचा अर्ज केला होता का?”

रेडिओने अर्धा शब्दांनी, अर्धा हातांनी अर्ज केला. सेन्योरांनी उत्तर दिलं. “केला होता म्हणतात. हरवला.”

“पोच घेतली होती?”

पोच या शब्दाला पहिल्या पायरीत काहीही नव्हतं. रेडिओने टेबलावर जोरात शिक्का मारल्याचं नाटक केलं. सेन्योरांनी जीभ चावली.

“हं!” बाबा म्हणाले. “पोच घेत नाहीत आणि मग आमच्या नावाने ओरडतात! इथून तिथून सगळे सारखेच!”

मग जे भांडण जुंपलं ते अवर्णनीय होतं. मधे उभी राहून रेडिओ घामाघूम झाली. बाबा नियम सांगत होते, सेन्योरा टेबल बडवत होत्या, सेक्रेटरी दोन्ही बाजूंना मान डोलावत होते कारण नियमांविषयी कुणीतरी एवढ्या पोटतिडकीने बोलतंय हे बघून त्यांना गहिवरून आलं होतं. आईने कॉफी ठेवली. काकू म्हणाल्या, “डॉक्टर असते तर एवढ्या गप्पा नसत्या झाल्या हो.”

कॉफी संपली तशी सेन्योरांनी गाजरं उचलली. “काबायो?”

रेडिओने यावेळी आढेवेढे घेतले नाहीत. सगळी वरात जिना उतरून खाली गेली, आणि तिने स्कूटरवरचं आच्छादन ओढून काढलं. पांढरी. म्हातारी. बाबांनी लाथ मारली. खोकली. पुन्हा मारली. पुन्हा खोकली.

सेन्योरा आधी बघत राहिल्या आणि मग एवढ्या हसल्या की त्यांना फाटकाला धरावं लागलं. त्यांनी एक गाजर हॅण्डलला बांधलं, सीटवर थोपटलं, आणि स्कूटर सुरू होताच गुडघ्याची सूज विसरून बाबांच्या मागे टांग टाकून बसल्या. बाबांनी त्यांना आवाराला फेरी मारून आणली. सेक्रेटरींनी खिशातून नोटीस काढली, वाचली, आणि घोडा या शब्दापुढे कंसात काहीतरी लिहून परत ठेवून दिली. फाईल बंद करायला त्यांचा जीव तयार नसावा.

निघताना सेन्योरा रेडिओच्या कानात बरंच काही भराभर बोलल्या. रेडिओच्या ओठांवर ‘सी’ आलंच होतं. ते गिळून ती म्हणाली, “कळलं नाही. पुन्हा सांगा.” त्यांनी पुन्हा सांगितलं.

रात्रीच्या जेवणाला बाबांनी ताट पुढे सारलं नाही. उलट भाजी दोनदा घेतली आणि ‘मीठ पाठवण्यात यावे’ असं गमतीने म्हणाले. तेव्हा रेडिओने हातातला घास खाली ठेवला आणि घसा खाकरला. हल्ली तिने घसा खाकरला की आई धास्तावते.

“आई, बाबा, मी एक ठरवलंय.”

“आता कुणाला बोलावलंस?” आई म्हणाली.

“कुणालाच नाही. पुढच्या शनिवारपासून मी सेन्योरांशी घरूनच बोलणार. आणि बाबा माझ्या शेजारी बसणार. त्यांना तो सालाचा अर्ज नव्याने करायचाय आणि तो बाबांनीच सांगायचा, दुसऱ्या कुणाकडून घेणार नाहीत म्हणतात.”

“मी?” बाबांचा घास हातातच राहिला. “अगं, पण मला ‘सी’शिवाय काही येत नाही!”

“हो,” रेडिओ म्हणाली, “आपण आधी तेच विसरायला शिकू.”